हूड गळतंय? छपराला शिव्या देऊ नका!

नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. पिकअपच्या हौद्यावरचं हूड साधारण एवढंच. पण तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस कोसळला, की एवढ्याशा छपरावर 230 लिटर पाणी पडतं. म्हणजे मोठं निळं बॅरल काठोकाठ भरून वर तीस लिटर! त्यातला शंभरातला एक थेंब जरी आत घुसला, तरी सव्वादोन लिटर पाणी थेट पोत्यांवर. पोत्यात हळद असेल तर व्यापाऱ्याचा चेहरा कसा होतो, हे सांगलीच्या यार्डात माल घेऊन गेलेल्याला सांगायला नको.

पेठ-सांगली रस्त्यावरच्या आष्ट्यात पिकअपला सुट्टी अशी नसतेच. आज ऊसरोपांचे ट्रे, उद्या सिमेंट, परवा भाजी, लग्नसराईत मंडपवाल्याची भांडी. त्यात आपला सांगली जिल्हा तऱ्हेवाईक. पश्चिमेला शिराळ्याकडे, चांदोलीच्या अंगाला गेलात तर पावसाच्या धारा. पूर्वेला जतकडे वळलात तर धुरळा. एकच गाडी आठवड्यात दोन्हीकडे जाऊन येते. म्हणून हूडची फट बुजवताना पाणी आणि धूळ या दोघांचा एकदम बंदोबस्त करावा लागतो. बरं, दोघांच्या यायच्या वाटा बऱ्याचशा सारख्याच असतात.

आणि त्या वाटा छपरातून फार कमी वेळा जातात. इथूनच गंमत सुरू होते.

उभी गाडी सज्जन, धावती गाडी लबाड

अंगणात गाडी उभी करून वरून पाइपनं पाणी मारलं, आत एक थेंब नाही. मालक खूश. दुसऱ्या दिवशी भर पावसात सांगलीला गेले, तर आत तळं. भूतबाधा वगैरे काही नाही, साधं गणित आहे. पावसाचा अगदी टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. ताशी 60 किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. म्हणजे थेंबापेक्षा गाडीच वेगात! गाडीच्या दृष्टीनं पाऊस वरून पडतच नाही, तो समोरून येऊन आदळतो. केबिनच्या टपावर हूडचा जो पुढचा पत्रा उभा असतो, त्याच्या छाताडावर सगळा मारा.

वर वाऱ्याचा दाब आहेच. 60 च्या वेगात समोरच्या हवेचा जोर पाण्याला सुमारे 17 मिलिमीटर उंच चढवू शकतो, 80 च्या वेगात तीन सेंटिमीटर. पाणी उताराकडे धावतं हे शाळेत शिकलो ते खरंच. पण मागून ढकलणारा असला की ते चढणही चढतं. म्हणून हूडच्या पुढच्या कडेला पत्र्यावर पत्रा बोटभर चढवून भागत नाही. दोन-अडीच इंच तरी चढवा आणि मध्ये रबर द्या.

बारीक फट जास्त आगाऊ

बोट जाईल एवढी फट दिसली की आपण घाबरतो. कागद जाईल एवढी दिसली की म्हणतो, चालतंय. खरं तर पाण्याला ती कागदाएवढीच आवडते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पाणी स्वतःच्या बळावर दोन-तीन सेंटिमीटर वर चढू शकतं. फट पाच मिलिमीटरची असली तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. दिव्याच्या वातीत तेल चढतं तोच नियम इथे पत्र्यात. रंगाचा थर, ग्रीस, धूळ यांनी आकडा थोडा कमी-जास्त होतो, पण खोड तीच.

यावरचा उतारा घराघरात आहे, फक्त मान वर करून बघायला हवं. खिडकीवरच्या सज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, एक खाच ठेवलेली असते. पाणी सज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे निघतं, खाचेपाशी आलं की त्याचा धरलेला हात सुटतो आणि ते खाली टपकतं. हूडच्या पत्र्याची कड नुसती कापून सोडण्याऐवजी अर्धा इंच खाली वळवली, तर तेच काम फुकटात होतं. वळवलेल्या कडेवरून पागोळी गळते, सरळ कापलेल्या कडेवरून पाणी आत वळतं. चांगला बॉडीवाला हे न सांगता करतो. तुमच्यानं केलं नसेल तर पुढच्या वेळी दुसरा गाठा.

खरा चोर फाळक्यापाशी

हूडला दोष देणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांचं पाणी मागच्या फाळक्यातून आलेलं असतं. फाळका म्हणजे माल उतरवायला सोयीची झडप. ती बनवताना पाणी अडवायचा विचार कुणी केलेलाच नसतो. बिजागरीच्या दोन्ही कोपऱ्यांत बघा. खाली पत्रा, बाजूला पत्रा आणि फाळका असे तिघे जिथे भेटतात, तिथे करंगळी जाईल एवढं त्रिकोणी भोक राहतंच. वरून हूडला पाचशे रुपयांचं सिलिकॉन लावलं तरी हे भोक हसत असतं.

त्यात धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. मागच्या चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी, धुरळा, सायलेन्सरचा धूर हे सगळं त्या ओढीनं फाळक्याच्या फटीतून आत खेचलं जातं. जतच्या फेरीनंतर पोत्यांवर जी पिठासारखी माती बसते, ती पुढून आलेली नसते, मागून ओढलेली असते. यावर एक उलटी युक्ती चालते: हूडच्या पुढच्या बाजूला, उंचावर, झापेची छोटी जाळी ठेवायची. पुढून थोडी हवा आत शिरते, आतला दाब जरा वाढतो आणि मागची फट धूळ ओढायच्या ऐवजी हवा बाहेर सोडते. फक्त जाळीवरचं झाप खाली तोंड करून हवं, नाहीतर पावसाला आमंत्रण.

आता गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट. मागून धूरही ओढला जातो, हे विसरू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इंजिन चालू ठेवून बंद हूडमध्ये कुणालाही झोपू देऊ नका, मग पाऊस कितीही असो. माणसं बसवायला तर हौदा नाहीच.

टायरची ट्यूब: जुगाड अर्धं बरोबर

फट दिसली की आपल्याकडे पहिला हात जातो तो जुन्या ट्यूबकडे. पट्टी कापायची, पत्र्याखाली घालायची, वरून बोल्ट आवळायचे. यात शहाणपण आहे आणि ते योगायोगानं आलेलं आहे. टायरच्या ट्यूबचं रबर बहुधा ब्युटाइल असतं. 1937 साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं. नैसर्गिक रबरातून हवा जेवढी पाझरते त्याच्या कितीतरी पट कमी यातून पाझरते, म्हणून ते ट्यूबमध्ये गेलं. हवा अडवणारं रबर पाणी अडवणारच. बाजारात मिळणारी चिकट ब्युटाइल पट्टी याच घराण्यातली. ती वर्षानुवर्षं सुकत नाही, मऊच राहते.

मग अर्धं चुकलं कुठे? पत्रा कधीच सपाट नसतो. हौद्याची कड म्हणजे दोन वर्षं पोती आपटून झालेली लाटांची रांग. घट्ट रबर दबत नाही, त्यामुळे जिथे पत्रा उंच तिथे ते बसतं आणि जिथे खोलगट तिथे फट तशीच. तिथे हवी फुगीर फोमची पट्टी, आणि तीही बंद छिद्रांची. गादीतला स्पंज घातलात तर तो पाणी पिऊन बसेल, पावसाळाभर पत्र्याला ओला पोतेरा गुंडाळल्यासारखं होईल आणि दिवाळीपर्यंत खाली गंज. ओळखायची खूण सोपी: तुकडा बादलीत दाबून सोडा, वर काढून पिळा. पाणी निघालं तर तो स्पंज, घरी भांडी घासायला न्या. पट्टी आवळल्यावर तिची जाडी साधारण एक तृतीयांश ते निम्म्यानं कमी झाली पाहिजे. त्याहून कमी दबली तर पाणी शिरतं, जास्त दाबली तर फोम मरतो आणि परत फुगत नाही. आणि पट्टीचा जोड पुढच्या बाजूला कधीच आणू नये. जोड मागे, किंवा बाजूला आडोशाला.

जाता जाता रबराचीच एक गोष्ट. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबर थापून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. कोट झकास, पण उन्हात चिकट आणि थंडीत लाकडासारखा. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांची जोडी सापडली आणि रबर माणसात आलं. हा गुडइयर 1860 मध्ये कर्जात बुडून मेला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली 1898 मध्ये, तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता.

व्हिनेगरचा वास येतोय?

साधं सिलिकॉन भरताना आंबट वास येतो ना? ते खरंच व्हिनेगरमधलं आम्ल, ॲसिटिक ॲसिड. सिलिकॉन घट्ट होताना ते बाहेर पडतं. काचेला ते चालतं, पण जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याला आणि उघड्या लोखंडाला ते चावतं. म्हणजे गळती थांबवायला लावलेलं सिलिकॉनच खालून गंज पेरतं. पत्र्यासाठी ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली ट्यूब मागा. दुकानदार म्हणेल, सगळं सारखंच असतंय. तसं नसतंय.

दुसरं गमतीचं: सिलिकॉन उन्हानं ‘वाळत’ नाही, हवेतली ओल पिऊन घट्ट होतं. तेही बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या चालीनं. अंगठ्याएवढा जाड थर थापला तर वरून कातडी धरते आणि आत कित्येक दिवस लोणी. गडी संध्याकाळी भरतो, मालक रात्रीच भाडं मारतो, आणि पेठ नाक्यापर्यंत सगळं ओघळलेलं. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, रंगही धरत नाही. त्यामुळे आधीचं ब्लेडनं खरवडून काढल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. हे खरवडणं कंटाळवाणं आहे, म्हणूनच सगळे टाळतात.

आणि आपलं लाडकं एम-सील? टाकी, पाइप, बादली, सगळ्याला चालणारं. हे एम-सील आधी महिंद्रा समूहातल्या कंपनीचं होतं, 2000 साली ते फेविकॉलवाल्या पिडिलाइटनं घेतलं. म्हणजे बोलेरो पिकअप आणि एम-सील यांचं एकेकाळी एकच आडनाव! पण नातं असलं तरी हूडच्या सांध्यात त्याला घालू नका. ते दगडासारखं कडक होतं आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात पिळवटते. पेठ-सांगली रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं गाजला होता. कडक लांबी असो की एम-सील, असल्या रस्त्यावर तडकणारच. हलणाऱ्या सांध्याला हलणारंच काहीतरी हवं.

छप्परही वाढतं, तेही सात मिलिमीटर

मेमधल्या दुपारी तापलेला पत्रा आणि त्याच संध्याकाळी वळवाच्या गारांनी गारठलेला पत्रा, यांत 40 अंशांचा फरक सहज पडतो. नऊ फुटांची लोखंडी पट्टी तेवढ्यात सव्वा मिलिमीटर आखडते. ॲल्युमिनियमची अडीच. आणि उजेडासाठी हौसेनं बसवलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा? तब्बल सात! त्याला घट्ट भोक पाडून स्क्रू मारला, तर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून चीर जाते, आणि जून उजाडला की तीच चीर ठिबकू लागते. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा, वर रबरी वायसर घाला, आवळायचं ते वायसर किंचित दबेपर्यंतच. स्क्रू पन्हळीच्या उंच भागावर मारायचा की खोलगट, हा वाद पत्र्याच्या शेडवर नेहमी रंगतो. पाणी वाहतं खोलगट भागातून, मग भोक कुठे हवं ते तुम्हीच ठरवा.

गळणं कधी कधी गरजेचं

कारखानदारीचं माहेर आपल्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या नावाचे पंप गावोगावच्या विहिरींवर बसले. जुन्या पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँडची दोरी असते आणि जाणता मिस्त्री ती कधीच पूर्ण घट्ट करत नाही. थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, कारण तेच पाणी दोरीला आणि शाफ्टला गार ठेवतं. थेंब बंद केला की दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो.

गाडीच्या दरवाजाचंही तसंच. काचेच्या बाजूनं दरवाजाच्या पोटात पाणी शिरतंच, कंपनी ते गृहीत धरते आणि खालच्या कडेला बारीक भोकं ठेवते. ती मातीनं बुजली की वळणावर दरवाजातून डबक्यासारखा आवाज येतो. पिकअपच्या हौद्यालाही पाणी निघायला कोपऱ्यात वाट ठेवलेली असते आणि हौशी लोक ‘गळती बंद’ म्हणून नेमकी तीच वेल्डिंगनं बुजवतात! आत आलेलं पाणी मग जाणार कुठे? खालच्या पोत्यात. माझं सरळ मत आहे: पाणी अडवण्यावर रुपया खर्च करणार असाल, तर त्याला बाहेर काढण्यावर आधी चार आणे खर्च करा.

शंभर टक्के बंद ठेवायचं तंत्र होतं ते हरिपूरचं. सांगलीशेजारी, कृष्णा-वारणेच्या संगमावर, जमिनीत खोल खणलेल्या पेवांत पिढ्यानपिढ्या हळद साठवली गेली. तोंड अरुंद, वरून मातीनं लिंपलेलं, आणि तिथल्या मातीचा गुण असा की पावसाचं पाणी आत पाझरत नाही. ना रबर, ना सिलिकॉन. इतकं हवाबंद, की पेव उघडलं तरी आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत माणूस उतरत नसे. एवढं असूनही 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळद गेली. झिरपणाऱ्या पाण्याला हरवणं एक, आणि अंगावर चालून आलेल्या नदीला हरवणं दुसरं.

गळत नाही, तरी ओलं!

सगळ्या फटी बुजवल्या, पट्टी उत्तम, फाळका घट्ट. पहाटे हूड उघडलं तर छताला आतून थेंब लोंबतायत. बाहेर पाऊसच नाही! हा आतल्या मालाचा घाम. ताजी भाजी तोडल्यावरही श्वास घेते आणि वाफ सोडते. ओली पोती, ओला हौदा त्यात भर घालतात. रात्री पत्रा गार पडला की ती वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते. गुळाचं तर आणखी अवघड, तो बाहेरून थेंब न लागताही हवेतली ओल ओढून पाझरतो. युरियाही त्याच वळणाचा. म्हणून वर सांगितलेली जाळी फक्त धुळीसाठी नाही, ती घामासाठीही आहे. पत्र्याला आतून पातळ फोम चिकटवला तर घाम आणखी कमी होतो.

कापडी हूडवाल्यांसाठी एक: सुती ताडपत्री भिजली की धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. पण आतून पोतं तिला टेकलं, की तिथूनच पाणी उतरायला लागतं. कमानी उंच ठेवायच्या त्या यासाठी. शिवाय दोन कमानींमध्ये कापड झोळ धरतं. एक चौरस मीटरच्या झोळीत नुसतं एक सेंटिमीटर पाणी साठलं तर वजन होतं दहा किलो, आणि झोळ जितका वाढतो तितकं पाणी आणखी साठतं.

चोर पकडायचा तो रात्री

खर्च शून्य. अंधार पडल्यावर, इंजिन बंद ठेवून, एकानं हूडमध्ये बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून मोबाइलचा टॉर्च कडेकडेनं फिरवायचा. जिथे उजेडाची रेघ दिसली तिथे आतून खडूनं खूण. फाळक्यासाठी खडूचा दुसरा उपयोग: पत्र्याच्या कडेवर खडू घासा, फाळका लावून उघडा. रबरावर पांढरी रेघ अखंड उमटली तर ठीक. जिथे तुटली तिथे रबर टेकतच नाही. कागदाची पट्टी अडकवून ओढली तरी कळतं, सहज निसटली तर तिथून पाणीही निसटतं.

पाइपनं तपासणी करायची तर खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर या. सगळे वरून सुरू करतात आणि मग पाणी सगळीकडून ओघळून कुठली फट कुठली हेच कळत नाही. आणि जिथे थेंब पडतो तिथेच भोक असेल असं धरू नका. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून हात-दोन हात प्रवास करतं आणि मग पडतं. आतून पत्र्यावर टाल्कम पावडर पसरा, ओघळाची वाट दिसेल.

हूड कायमचं वेल्डिंग करून बसवायचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलंय. बोल्टवर काढता-घालता येणारं हूड केव्हाही सोयीचं, गळती शोधायलाही.

हे सगळं काम मृगाच्या आधी, वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेल्यावर काढा. हवेत ओल आलेली असते, सिलिकॉन नीट धरतं, आणि कुठे चुकलं ते वळीवच दाखवून देतो. आणि ट्यूब घेताना तिच्यावरची तारीख नक्की बघा. मुदत संपलेलं सिलिकॉन भरताना छान दिसतं, पण ते शेवटपर्यंत घट्टच होत नाही.